गोषवारा : पीकपाण्याचे आंकडे कसे मांडावे व कसे वाचावे

शेतकरी आंकड्यांस भितो असें म्हणण्याची रीत आहे, पण तें खरें नव्हे. बाजारांत हिशेबपट्टी हातीं पडतांच हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा जातां किती उरावें, हें आपल्यांतील निरक्षर माणूसहि बोटांवर मोजून सांगतो. त्यास परके वाटतात ते निराळे आंकडे. आपल्याच शेतांतून ते निघतात, चावडींत नोंदले जातात, तालुक्यास जातात, आणि कांहीं महिन्यांनीं एकच आंकडा होऊन परत येतात. गांवची पैसेवारी, महसूल मंडळाचें सरासरी उत्पन्न, तालुक्याचा पाऊस, बाजार समितीचा दर, हे सर्व असे परत आलेले आंकडे होत. अनेकांचा एक करण्याच्या ह्या कामास कचेरीच्या भाषेंत गोषवारा म्हणतात. जुन्या दप्तरांत त्यासच तेरीज म्हणत असत. प्रस्तुत लेखकाची बहुतेक नोकरी महसूल खात्यांत असे गोषवारे करण्यांत गेली. त्यांतील एक चुकलेला होता. त्याची हकीकत पुढें येईल. गोषवारा करतांना काय राहतें व काय गळतें, हें सभासद बंधूंस ठाऊक असावें, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

एक उदाहरण घेऊं. जिराईत मुलुखांतील एका गांवीं, पावसानें ताण दिलेल्या वर्षीं, बाजरीच्या वीस शेतांचें उत्पन्न मोजलें. तें दर एकरीं किलोंत येणेंप्रमाणें आलें असें समजावें : १६०, ६००, ११०, २१०, १८०, ९०, ७२०, १५०, २४०, १३०, ४८०, २००, १७०, ६४०, १२०, १९०, ५६०, १६०, २३०, १४०. (प्रसंग खरा आहे, परंतु मूळ कागद मजपाशीं नसल्यामुळें आंकडे समजुतीपुरते सोपे करून घेतले आहेत.)

ही रांग वाचून कोणासहि कांहीं बोध होणार नाहीं. खळ्यावर सोंगून टाकलेल्या पिकाप्रमाणें ती पडली आहे. दाणा व भूस अद्याप वेगळें व्हावयाचें आहे. पहिलें काम म्हणजे आंकडे चढत्या क्रमानें लावणें. तसें केलें म्हणजे सर्वांत कमी ९० व सर्वांत जास्त ७२० हें तात्काळ दिसतें, आणि २४० नंतर एकदम ४८० येतें, मध्यें कोणी नाहीं, हेंहि दिसतें. क्रम लावण्यास कागद, पेन्सिल व दहा मिनिटें पुरतात. इतक्या स्वस्त कामापासून इतका लाभ दुसऱ्या कोणत्याहि कृतीनें होत नाहीं, असा माझा अनुभव आहे. आणि नेमकें हेंच काम घाईंत गाळलें जातें.

आंकडे वीस आहेत तोंवर नुसता क्रम पुरे होतो. दोनशें असले तर त्यांचे वर्ग पाडावे लागतात. शंभर-शंभर किलोंचा एकेक वर्ग धरून वरील शेतांची विभागणी अशी होते :

० ते ९९ किलो : शेतें १
१०० ते १९९ किलो : शेतें १०
२०० ते २९९ किलो : शेतें ४
३०० ते ३९९ किलो : शेत नाहीं
४०० ते ४९९ किलो : शेतें १
५०० ते ५९९ किलो : शेतें १
६०० ते ६९९ किलो : शेतें २
७०० ते ७९९ किलो : शेतें १
एकूण शेतें २०

मोजतांना पोत्यांचा हिशेब भिंतीवर कोळशानें ठेवतात तीच युक्ति वापरावी. चार उभ्या रेघा झाल्या कीं पांचवी आडवी मारावी, म्हणजे शेवटीं पांचपांचांचे जुडगे मोजतां येतात. दोन गोष्टींस मात्र जपावें लागतें. ‘१०० ते २००’, ‘२०० ते ३००’ असे वर्ग लिहिले तर बरोबर २०० किलोचें शेत कोठें घालावें, हा तंटा उत्पन्न होतो, व एकच शेत दोन ठिकाणीं मोजलें जातें. यास्तव सीमा कोणत्या वर्गांत धरावयाची हें आरंभींच ठरवावें. दुसरें, रिकामा वर्ग गाळूं नये. ‘३०० ते ३९९ : शेत नाहीं’ ही ओळ वरील कोष्टकांतील सर्वांत बोलकी ओळ आहे. नवशिका कारकून ती व्यर्थ समजून काढून टाकतो. मींहि तसेंच केलें होतें.

वर्ग सर्व सारख्याच रुंदीचे असावे असा नियम आहे, तथापि तो मोडावा लागतो असे प्रसंग येतात. आपल्या देशाच्या कृषिगणनेंत वहिवाटीचीं खातीं एक हेक्टरच्या आंत, एक ते दोन, दोन ते चार, चार ते दहा, आणि दहा हेक्टरांपुढें, अशा पांच वर्गांत मांडतात. सीमान्त, अल्प, अर्ध-मध्यम, मध्यम व मोठें अशीं त्यांचीं नांवें आहेत. येथें वर्ग वर जातांना रुंदावत गेले आहेत, कारण खात्यांची गर्दी खालच्या टोकास आहे. सर्व वर्ग दहा-दहा हेक्टरांचे केले असते तर बहुतेक सारा महाराष्ट्र पहिल्याच वर्गांत जाऊन बसला असता व कोष्टकापासून कांहींहि कळलें नसतें. ह्याच गणनेप्रमाणें राज्यांतील खात्याचें सरासरी क्षेत्र १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरवर आलें. पंचेचाळीस वर्षांतील वाटण्यांचा इतिहास ह्या दोन आंकड्यांत आला आहे. परंतु भावाभावांत दीड एकराचा तुकडा आला तो माणूस त्यांत कोठें आहे हें पाहावयाचें तर वर्गांचें कोष्टकच उघडावें लागेल.

आतां सरासरीकडे वळूं. वरील वीस आंकड्यांची बेरीज ५,४८० येते. तीस वीसांनीं भागिलें म्हणजे सरासरी २७४ किलो. गणित निर्दोष आहे. परंतु कोष्टकाशीं ताडून पाहावें : २७४ किलोच्या जवळपास पिकलेलें शेत गांवांत एकहि नाहीं. २४० च्या वर गेलें कीं एकदम ४८० लागतात. वीसांपैकीं पंधरा शेतें सरासरीच्या खालीं आहेत. पांच शेतांनीं सरासरी ओढून वर नेली आहे, आणि पंधरांच्या घरीं जें धान्य आलेंच नाहीं तें कागदावर त्यांच्या नांवें लागलें आहे.

ह्यावर एक साधा उतारा आहे. क्रमानें लाविलेल्या रांगेंतील अगदीं मधला आंकडा घ्यावा. त्यास मध्यक म्हणतात. येथें शेतें वीस, म्हणजे संख्या सम. म्हणून दहावा व अकरावा हे दोन आंकडे घेऊन त्यांचा मध्य काढावयाचा. दहावा १८० व अकरावा १९०, म्हणून मध्यक १८५. निम्मीं शेतें ह्याच्या खालीं, निम्मीं वर. टोंकाच्या शेतांत ७२० च्या जागीं १,२०० किलो पिकले तरी मध्यक जागचा हलत नाहीं. सरासरी मात्र तेवढ्यानें २९८ वर जाते.

तिसरा प्रकार आपण बाजारांत रोज पाहतों. बाजार समितीच्या भावपत्रकांत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. पुष्कळांची समजूत अशी कीं सर्वसाधारण दर म्हणजे किमान व कमाल यांच्या मधला. तें बरोबर नाहीं. ज्या दरानें जास्तींत जास्त माल विकला गेला तो सर्वसाधारण. शास्त्रांत ह्यास बहुलक म्हणतात. समजा, कांद्याचा किमान दर क्विंटलला ५०० रुपये व कमाल २,४०० आहे. मध्य काढला तर १,४५० येतो. पण एखाद-दुसरी निवडक गाडी २,४०० ला गेली व बाकीचा लिलाव ९०० च्या आसपास झाला, तर सर्वसाधारण दर ९०० च लिहिला पाहिजे. कमाल दर वाचून गाडी भरणारा मनुष्य घरीं परततांना व्यापाऱ्यास दूषणें देत येतो. पत्रकाचा तिसरा रकाना त्यानें निघण्यापूर्वीं वाचला असता तर त्याचा निम्मा संताप वांचला असता. (उरलेला निम्मा संताप बहुधा रास्त असतो, तो विषय निराळा.)

पुनः बाजरीकडे येऊं. कोष्टकांत दोन ढीग दिसतात, एक शंभर-दोनशेंच्या घरांत व दुसरा पांचशें-सातशेंच्या. एकाच पिकाच्या एकाच गांवच्या आंकड्यांत असे दोन ढीग दिसले, तर दोन निराळ्या जातीच्या वस्तु एका टोपलींत पडल्या आहेत असें समजावें. येथें तसेंच होतें. वरचीं पांच शेतें विहिरीचें पाणी मिळालेलीं, खालचीं पंधरा निव्वळ आभाळावर. वेगळीं केलीं म्हणजे पंधरा जिराईत शेतांची सरासरी १६५ किलो व पांच बागाईत शेतांची ६०० किलो येते. आतां दोन्ही सरासऱ्या खऱ्या वाटूं लागतात, कारण प्रत्येकीच्या आसपास खरोखरीचीं शेतें आहेत.

पण संपूर्ण गांवाचा एकच आंकडा पाहिजे असेल तर काय करावें? येथेंच चूक होते. वीस शेतांत पांच बागाईत म्हणजे चौथा हिस्सा. गांवांत बाजरीखालीं समजा १,००० एकर क्षेत्र आहे, व त्यांत बागाईत अवघें १०० एकर, म्हणजे दहावा हिस्सा आहे. तेव्हां जिराईत सरासरीस ९०० नें व बागाईत सरासरीस १०० नें गुणून, बेरीज करून, हजारांनीं भागिलें पाहिजे. ९०० गुणिले १६५ म्हणजे १,४८,५००, १०० गुणिले ६०० म्हणजे ६०,०००, बेरीज २,०८,५००, भागून सरासरी सुमारें २०९ किलो. हिला भारित सरासरी म्हणतात. ज्याचें जितकें क्षेत्र तितकें त्याचें वजन, एवढाच तिचा अर्थ.

२७४ आणि २०९. फरक ६५ किलोंचा आहे, आणि तो वाचकांस क्षुल्लक वाटेल. म्हणून आतां ती हकीकत सांगतों.

पैसेवारी म्हणजे काय हें येथील वाचकांस सांगणें नको. तरुण मंडळींकरितां दोन शब्द. प्रमाण मानलेल्या उत्पन्नास शंभर पैसे धरून यंदाचें पीक किती पैसे आलें तें काढावयाचें. पूर्वीं सोळा आण्यांवर हिशेब असे व त्यास आणेवारी म्हणत. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आंत आलेल्या गांवास टंचाईच्या सवलती मिळावयाच्या : महसुलांत सूट, पीककर्जाच्या वसुलीस मुदत, मुलांची परीक्षा फी माफ, व अशाच आणखी कांहीं. केंद्र सरकारची २०१६ सालची दुष्काळ संहिता आल्यापासून दुष्काळ ठरविण्यास पावसाची तूट, जमिनींतील ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ असे दुसरे निकष लावतात; तथापि पैसेवारी आजहि निघतेच. माझी हकीकत तिच्या पूर्वींची, पैसेवारीचा शब्द अखेरचा होता त्या काळची आहे.

गांवाकडून वीस शेतांचा कागद आला. प्रमाण उत्पन्न एकरीं ५०० किलो होतें. मीं बेरीज केली, वीसांनीं भागिलें, २७४ आले. पांचशेंशीं प्रमाण काढलें, ५४.८ आले, पूर्णांक करून ५५ पैसे लिहिले. बेरीज दोनदां तपासली होती. कागद वर गेला, सही झाली, व गांव टंचाईच्या यादींतून बाहेर राहिलें. शेजारचीं गांवें, ज्यांच्या शिवारांत तोच पाऊस व तीच माळजमीन, तीं यादींत आलीं.

सुमारें दोन महिन्यांनीं त्या गांवचा एक वृद्ध शेतकरी कचेरींत आला. तक्रार करावयास तो आला नव्हता. दुसऱ्याच कांहीं दाखल्याचें काम होतें. तें झाल्यावर तो मेजापाशीं घुटमळला व म्हणाला, “भाऊसाहेब, आमच्या गावाला दोनशे चौऱ्याहत्तर किलोची बाजरी धरली म्हनं. ते रान कुनाचं, तेवढं मला दाखवा. मी बी बघून येतो.”

मीं हंसून म्हटलें, “आबा, ती सरासरी असते. तसं रान असायलाच पाहिजे असं नाही.”

तो म्हणाला, “नसंल तर मग माफी कुनाची गेली?”

तो गेल्यावर मीं कागद पुनः काढला व प्रथमच आंकडे चढत्या क्रमानें लाविले. मघां सांगितलेली रिकामी जागा दिसली. गट नंबर काढून पाहिले तों पांचहि मोठे आंकडे रस्त्याच्या कडेच्या विहिरी असलेल्या शेतांचे निघाले. कागद करणाऱ्यांच्या मनांत कपट होतें असें मला तेव्हांहि वाटलें नाहीं व आतांहि वाटत नाहीं. गाडी जेथवर जाते तेथवरचीं शेतें पाहिलीं गेलीं, एवढेंच. पीकपाहणीवरून क्षेत्र घेऊन भारित सरासरी काढली, ती सुमारें २०९ आली, पैसेवारी ४२. गांव यादींत असावयास पाहिजे होतें. मीं टिपण लिहून वर ठेवलें. हरकतींची मुदत उलटून गेली होती, व टिपण फायलीस लागलें. त्या साली त्या गांवीं किती जणांनीं सोसायटीचें कर्ज फेडण्यास जनावर विकलें, हें मीं विचारलें नाहीं, कारण ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

ह्या चुकीचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ओळखावे. पहिला माझा : जिराईत-बागाईत वेगळें न करतां व क्षेत्राचें वजन न देतां मीं भागाकार केला. दुसरा त्याहून मूळचा : शेतें सोईप्रमाणें निवडलीं गेलीं. पहिला दोष मेजावर बसून सुधारतां येतो, दुसरा येत नाहीं, कारण जें शेत पाहिलेंच नाहीं त्याचा आंकडा कोठून आणावा?

ह्या दुसऱ्या दोषावर आपल्या देशांत फार चांगलें काम झालेलें आहे, व त्यांत एका मराठी माणसाचा मोठा वांटा आहे. बिहार-ओरिसा प्रांतांत हबॅक नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें भाताच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यास चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, केवळ दैवयोगानें, जागा निवडून तेवढेंच पीक कापण्याचा प्रयोग केला व १९२७ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं तागाच्या पिकावर हीच दिशा धरिली. आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं, १९४० नंतरच्या दशकांत दिल्लीस कृषि संशोधन परिषदेंत असतां, पीककापणी प्रयोगांची पद्धति देशभर चालेल अशी बसविली. त्यांनीं डॉ. पानसे यांच्यासह शेतकी कार्यकर्त्यांकरितां लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं निघाला. गट कोणता घ्यावा, आणि त्या गटांतहि कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलें लांबीनें व किती रुंदीनें जाऊन खुंटी ठोकावी, हें यादृच्छिक आंकड्यांच्या कोष्टकावरून ठरावें, असा ह्या पद्धतीचा कटाक्ष आहे. रस्ता जवळ कीं लांब, मालक ओळखीचा कीं परका, हें विचारावयाचेंच नाहीं. म्हणूनच प्रयोगाच्या दिवशीं “इकडचं पीक बरं आहे, इकडं घ्या” किंवा “तिकडं वाईट आहे, तिकडं घ्या” असें म्हणणारे दोघेहि गांवाचें सारखेंच नुकसान करतात.

कापणीच्या दिवशीं हजर राहणाऱ्यांनीं एक हिशेब मनांत धरावा. तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असला तर त्याचें क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तेथें आलेल्या वजनास २०० नें गुणून हेक्टरी उत्पन्न काढतात. तेव्हां तराजूवर अर्ध्या किलोची चूक झाली तर हेक्टरीं एक क्विंटलची होते. ओल्या दाण्याचें वजन लिहिलें व सुकल्यावरचें वजन घेण्याचें राहिलें, तर चूक याहून मोठी. दोरी सैल धरली तर तीहि ह्याच हिशेबांत. दोनशेंपट होऊन जें पत्रकांत जावयाचें तें शेतांतच नीट पाहून घ्यावें.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून ह्या प्रयोगांस पैशाचें महत्त्व आलें आहे. भरपाई ठरते ती उंबरठा उत्पन्नावरून. २०१८ सालच्या सुधारित सूचनांप्रमाणें मागील सात वर्षांपैकीं चांगलीं पांच वर्षें घेऊन त्यांची सरासरी काढावयाची व तिला जोखीमस्तरानें गुणावयाचें. हा गोषवारा कसा केला आहे तें पाहण्यासारखें आहे. समजा, एका मंडळांत सात वर्षांचें हेक्टरी उत्पन्न ९००, ४००, १,१००, ७००, १,०००, ३०० व ८०० किलो असें आहे. सातांची सरासरी सुमारें ७४३ येते. जोखीमस्तर सत्तर टक्के धरला तर उंबरठा ५२० होईल. परंतु ४०० व ३०० हीं दोन पडलेलीं वर्षें वगळून उरलेल्या पांचांची सरासरी ९०० व उंबरठा ६३० होतो. यंदा मंडळाचें उत्पन्न ५६० आलें, तर पहिल्या रीतीनें एक पैसाहि नाहीं. दुसऱ्या रीतीनें ७० किलोंची तूट, म्हणजे विमासंरक्षित रकमेच्या सुमारें अकरा टक्के भरपाई. लागोपाठ दुष्काळ पडले म्हणजे सरासरीच खालीं बसते व दुष्काळ हाच नित्यक्रम ठरतो, ह्या अन्यायावर दोन वर्षें गाळण्याची ही तजवीज आहे, आणि माझ्या मतें ती योग्य आहे.

तरी येथेंहि एकाचें शेत अनेकांच्या सरासरींत बुडतें. मंडळ ६५० वर आलें व आपलें शेत २०० वर, तर ह्या हिशेबानें आपणांस कांहीं मिळत नाहीं. ही कारकुनाची चूक नव्हे. योजना क्षेत्रावर आधारलेली आहे, तिचा तो स्वभाव आहे. भांडण करावयाचें तर मंडळ लहान असावें, त्यांत जिराईत व बागाईत भाग एकत्र नसावे, ह्यासाठीं करावें.

पावसाविषयीं थोडक्यांत. पावसाचें एकूण मान हा गोषव्याऱ्यांतील सर्वांत फसवा गोषवारा होय. ४५० मिलिमीटर तीस दिवसांत विभागून पडला तर बाजरी येते, तूर येते. तेवढाच आठ दिवसांत कोसळून गेला तर नाला भरून वाहतो आणि पीक करपतें. म्हणून एकूण मानाबरोबर पावसाचे दिवस किती हें विचारावें. हवामान खातें २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तरच तो पावसाचा दिवस धरतें. आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे दोन पावसांमधील सर्वांत लांब खंड किती दिवसांचा, तो कोणत्या महिन्यांत पडला. हा आंकडा आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीनें खूण करून कोणासहि ठेवतां येतो.

घरच्या वहीचा उल्लेख आला म्हणून सांगतों. गट नंबर, त्यांतील त्या पिकाचें क्षेत्र, पाणी दिलें कीं नाहीं व दिलें तर किती वेळां, पेरणीची तारीख, आणि वाळलेल्या मालाचें वजन, एवढें प्रत्येकानें लिहिलें तरी गांवाचा गोषवारा गांवांतच होऊं शकतो. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली असून पिकाची व सिंचनाच्या साधनाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाईलवरून करावयाची आहे. पुष्कळजण ती दुसऱ्याकडून कशीबशी उरकून घेतात. त्यांच्या ध्यानांत येत नाहीं कीं भारित सरासरींतील भार ह्याच क्षेत्राचा असतो. तेथें जिराईत रान बागाईत म्हणून लागलें तर पुढील सर्व गणित बरोबर असूनहि उत्तर चुकेल.

त्या वृद्ध शेतकऱ्याची गांठ पुढच्या हंगामांत पुनः पडली. ह्या खेपेस त्याच्या बंडीच्या खिशांत औषधाच्या दुकानच्या जुन्या दिनदर्शिकेचें एक पान होतें. त्याच्या पाठीवर नातवाच्या हातून एकतीस शेतांचे आंकडे उतरवून घेतले होते. मध्यें उभी रेघ मारून एका बाजूस विहिरीचीं शेतें, दुसऱ्या बाजूस आभाळाचीं, आणि प्रत्येकापुढें एकर. क्रम मात्र लावलेला नव्हता; तो मीं लावला. गांवाकडून आलेल्या कागदाशीं ती यादी ताडून पाहिली व पत्रकास जोडून वर पाठविली. त्या वर्षीं पाऊस वेळेवर झाला होता. पैसेवारी ६८ आली, व ती बरोबर होती. तो म्हणाला, “औंदा माफी नको भाऊसाहेब, औंदा पिकलंय,” आणि पान परत मागून घेऊन, नीट घडी करून, खिशांत ठेवून गेला.